उणे चारची पायरी

मी घाटावरची. समुद्र म्हणजे नकाशातली निळी सपाट पट्टी
एवढंच ठाऊक होतं, पालशेतला बदली झाली तेव्हा.
सहावीचा वर्ग, सोळा मुलं,
खिडकीतून सुकटीचा वास
आणि पुस्तकातलं पहिलंच प्रकरण.

फळ्यावर लिहिलं: नैसर्गिक संख्या.
एक, दोन, तीन.
बोटांवर मोजतो त्या,
आणि बोटं संपली तरी ज्या संपत नाहीत.
मागच्या बाकावरून वैजू पालशेतकर म्हणाली,
"आमच्यात एक नाय म्हनत, बाई. लाभ म्हनतात.
लाभ, दोन, तीन."
पोरं हसली. मला हसू आलं नाही.
आमच्या खळ्यावरही पहिल्या मापाचं हेच नाव होतं;
बी.एड.च्या कुठल्यातरी वर्षात मी ते विसरून गेले होते.

मग शून्य मिळवलं. पूर्ण संख्या.
म्हटलं, मासळी न मिळता होडी परत आली, तर काय लिहाल?
"म्हावरं शून्य," कुणीतरी म्हणालं, "पन होडी एक."
आणि वैजू, पेन्सिलीचं टोक चावत:
"पूर्न झाल्या ना? मग आनि काय ऱ्हातं?"

पूर्णांकांसाठी वर्ग जेटीवर नेला.
अकरा पायऱ्या, मुलं म्हणाली. मला दिसल्या सात.
शाळेच्या भिंतीचा उरलेला पांढरा ऑइलपेंट,
ओल्या दगडावर धड बसेना.
पाणी टेकलं होतं त्या पायरीवर शून्य काढलं,
वर एक, दोन, थेट सहापर्यंत.
पाण्याखाली बोट दाखवलं:
उणे एक, उणे दोन. दिसत नाहीत, पण आहेत.
स्वतःवर जरा खूशच होते मी.

मधल्या सुट्टीत भरतीनं शून्य गिळलं,
मग एक.
"बाई, तुमचा शून्य बुडला!"
म्हटलं, शून्य पाण्याचं नाही रे, पायरीचं आहे.
पाणी हलेल, शून्य हलणार नाही.
"पन ते तितं ठेवलं कोनी?
तुमीच ना?"

गृहपाठ: तीन वजा पाच.
पंधरा वह्यांत उणे दोन, एकमेकांचं बघून.
सोळाव्या वहीत लिहून खोडलेलं: "तीनातून पाच जात नाहीत."
खाली: "जातात. आवशीला विचारा."

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी विचारायला गेले.
पहाटेचे सहा. समुद्र इतका मागे सरलेला,
जणू काही विसरलं म्हणून घरी गेलाय.
वैजूची आई, मथुरा, कोयती आणि पाटी घेऊन
माझ्या शून्यावर पाय देऊन खाली उतरत होती,
ओट्यावरून अंगणात उतरावं तशी.
साडी खोचून मीही मागोमाग.

उणे एक: शेवाळ.
उणे दोन: एक खेकडा, तिरका, कामात.
उणे तीन: कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
उणे चारवर कालवंच कालवं,
दगड कुठला आणि शिंपला कुठला कळू नये इतकी.

मथुरानं कोयती घातली, एक कालव सुटलं,
आणि त्याच्याखाली दगडात काहीतरी कोरलेलं.
मोबाइलचा उजेड धरला.
छिन्नीनं ठोकलेला, कडा झिजलेला
१.

गवंडी खालून मोजत आला होता.
अशाच कुठल्यातरी सुकतीत, तासाभराच्या कोरड्यात,
पहिला दगड बसवला, खूण केली, वर सरकला.
माझं शून्य म्हणजे त्याचे पाच.
माझ्या सगळ्या उण्यांवर त्याचे पाय भक्कम टेकलेले,
आणि उणं हा शब्दच त्याला लागला नसावा.

मी बोटांवर पुन्हा ताळा करत होते.
"काय बगताव बाई? उरका," मथुरा म्हणाली,
"पानी वळलं."
पाणी खरंच वळलं होतं. घोट्यापाशी गार.
तिनं हातातलं कालव पाटीत टाकलं,
पाटीचा तळ वाजला,
आणि माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"लाभ."